‘पिस्तुल्या’ ते पूर्णा : वर्गातला प्रकल्प आणि आपला कॅमेरा

भीमजयंती होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. आमच्या पूर्णेतल्या गल्लीतली एक मुलगी संध्याकाळी घरी आली. वडील रेल्वेत कीमन. मुलगी रोज गाडीने नांदेडला जाऊन-येऊन पत्रकारितेचा अभ्यासक्रम करते. हातात मोबाईल आणि चेहरा पडलेला. म्हणाली, “काका, कॉलेजात प्रकल्प दिलाय. दहा मिनिटांची फिल्म करायची होती. मी जयंतीवर केली. सरांनी परत दिली. म्हणाले, मिरवणूक दिसली, माणसं दिसली नाहीत. पुन्हा करून आण. आता तुम्हीच सांगा, यात काय कमी आहे?”

मी ती फिल्म पाहिली. निळे झेंडे, रोषणाई, डीजेवरचे भीमगीत, लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून मागून आणलेल्या ड्रोनने वरून टिपलेली गर्दी, संथ गतीने उधळलेली फुले. पाहताना ऊर भरून आला हे खरे. पण दहा मिनिटे संपली आणि मला त्या मिरवणुकीतला एकही चेहरा आठवेना. सरांचे म्हणणे बरोबर होते. मुलीला ते लगेच पटले नाही. “आपल्या बाबासाहेबांची मिरवणूक आहे काका, त्याला नावं कशी ठेवतात?” असा तिचा सवाल. हा सवाल तिच्या एकटीचा नाही. आपल्यापैकी अनेकांचा आहे. विषय आपला असला की कलाकृती आपोआप चांगली होते, असा एक समज आपल्यात रुजलेला आहे. त्याविषयीच आज लिहायचे आहे.

त्या मुलीला मी एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात जेऊर नावाचे गाव आहे. दौंड-सोलापूर लोहमार्गावरचे एक स्टेशन. दगड फोडून पोट भरणाऱ्या वडार समाजातला एक मुलगा तिथे १९७७ साली जन्मला. तो शिकला, पुणे विद्यापीठातून मराठीत एम. ए. झाला, कविता लिहू लागला. ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ हा त्याचा कवितासंग्रह. पुढे तिशी ओलांडल्यावर तो पुन्हा विद्यार्थी झाला आणि अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजच्या संज्ञापन विभागात दाखल झाला. ना फिल्मी घराणे, ना मुंबईची ओळख. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून फिल्म करायची होती. ती त्याने केली. तिचे नाव ‘पिस्तुल्या’. शाळेची ओढ असलेल्या आणि परिस्थितीने शाळेबाहेर ठेवलेल्या एका पोराची ही छोटीशी फिल्म. वर्गात गुण मिळवण्यासाठी केलेल्या या प्रकल्पाला ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. त्या विद्यार्थ्याचे नाव नागराज मंजुळे.

‘सैराट’ सगळ्यांना माहीत आहे. २०१६ साली तो चित्रपट आला तेव्हा आपल्या वस्त्यांतून ट्रॅक्टर भरभरून माणसे थिएटरात गेली. मराठी चित्रपटाने तोवर पाहिली नव्हती एवढी कमाई त्याने केली. पण ‘सैराट’चे यश सांगताना आपण त्याची शेंडी धरतो आणि मूळ विसरतो. मूळ आहे वर्गातल्या त्या प्रकल्पात. ‘पिस्तुल्या’तला पोरगा सूरज पवार पुढे ‘फँड्री’त पिऱ्या झाला आणि ‘सैराट’मध्ये प्रिन्स झाला. ‘फँड्री’चा जब्या, म्हणजे सोमनाथ अवघडे, हा जेऊरजवळच्याच केम गावचा हलगी वाजवणारा मुलगा. आपल्या परिसरातली माणसे घ्यायची, त्यांच्याच बोलीत त्यांना बोलू द्यायचे, त्यांना अभिनय शिकवण्याऐवजी त्यांचे जगणे कॅमेऱ्यासमोर उभे करायचे, ही जी पद्धत पुढे साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली, तिची सुरुवात विद्यार्थिदशेतल्या त्या छोट्या फिल्ममध्ये झाली. पैसा नव्हता म्हणून जे करावे लागले, तेच पुढे बळ ठरले.

आणि ही वाढ एका दिवसात झाली नाही. ‘फँड्री’ २०१३ साली महोत्सवांत दाखवला गेला आणि १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. ‘पिस्तुल्या’ ते ‘फँड्री’ या मधल्या काळात तो विद्यार्थी काय शिकला हे ‘फँड्री’ पुन्हा पाहिला की कळते. डुकराच्या मागे धावणारे कुटुंब शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येताच जागच्या जागी उभे राहते, तो प्रसंग आठवा. त्यात एकही भाषण नाही. काठीला बांधलेले डुक्कर खांद्यावर घेऊन बापलेक शाळेच्या भिंतीवरून पुढे जातात आणि त्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रे आहेत. कॅमेरा काही बोलत नाही, फक्त पाहतो. आपले महापुरुष भिंतीवर आणि आपली माणसे ओझ्याखाली, हे जे आपण शंभर सभांतून सांगतो, ते त्या एका दृश्याने सांगितले. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ प्रेक्षकाच्या अंगावर येतो. ‘सैराट’चा शेवट तर आवाज बंद करून केला आहे. कुठे बोलायचे नाही, हे कळणे ही शिकण्याची वरची पायरी आहे.

त्याच नगरच्या विभागातून शिकून गेलेल्या भाऊराव कऱ्हाडे यांचे उदाहरणही असेच. शेतजमीन विकून त्यांनी ‘ख्वाडा’ केला, मेंढ्या घेऊन भटकणाऱ्या धनगर कुटुंबाची गोष्ट सांगितली आणि ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांच्या कामाची नोंद घेतली गेली. पुण्यात १९६० पासून प्रभात स्टुडिओच्या जागेवर सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथे आपली मुले गेलीच पाहिजेत, त्यासाठी भांडलेच पाहिजे. पण तिथे प्रवेश मिळाला नाही म्हणून रडत बसण्याचे कारण नाही, हे जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका कॉलेजने दाखवून दिले आहे.

आता जरा मागे जाऊन पाहू. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. ‘फँड्री’ २०१३ चा. मध्ये बरोबर शंभर वर्षे गेली. या शंभर वर्षांत पडद्यावर आपण नव्हतो असे नाही. होतो, पण दुसऱ्याच्या नजरेने. १९३६ साली बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ आला. त्यातली अस्पृश्य नायिका कस्तुरी ही रेल्वे फाटकावरच्या पहारेकऱ्याची मुलगी. ब्राह्मण तरुणावर तिचे प्रेम आहे. शेवटी ती रेल्वेखाली सापडून मरते आणि प्रेक्षक डोळे पुसत घरी जातो. १९५९ च्या बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’त अस्पृश्य मुलगी इतकी सोशिक दाखवली की सवर्णांना तिच्यावर दया करणे सोपे जावे. या मंडळींचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. पण हेतू चांगला असला तरी कॅमेरा कोणाच्या खांद्यावर आहे हा प्रश्न उरतोच. ‘अछूत कन्या’तल्या रेल्वे कर्मचाऱ्याच्या मुलीला कोणी विचारले नव्हते की बाई, तुझी गोष्ट तू कशी सांगशील? आज पूर्णेतल्या रेल्वे कर्मचाऱ्याची मुलगी हातात कॅमेरा घेऊन विचारते आहे, “काका, विषय सांगा.” नव्वद वर्षांतले हे अंतर लहान नाही, आणि ते कोणी दान म्हणून दिलेले नाही.

आपली गोष्ट आपण सांगायची, हे बाबासाहेबांनी १९२० सालीच शिकवले. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता, हे सर्वश्रुत आहे. पुढे ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले, त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी एकट्याने लिहून काढले. आधी छापखाना, मग कर्णा, मग जलसा. ज्या काळात जे साधन हाती आले ते चळवळीने आपलेसे केले. आपल्या मराठवाड्याचेच उदाहरण घ्या. औरंगाबादेत बाबासाहेबांनी १९५० साली कॉलेज काढले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि ते खेड्यापाड्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांनी उभे केले. तो त्या काळचा वर्गातला प्रकल्पच म्हणा ना! ज्यांना गावात देवळाच्या पायरीवर बसू दिले जात नव्हते, ती पोरे रंगमंचावर उभी राहून आपल्या हजारो वर्षांच्या गुलामीचा इतिहास मांडत होती.

पण ही परंपरा आपण कॅमेऱ्यापर्यंत नेली का? १९७८ च्या जुलै महिन्यात विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. पुढे १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे लाँग मार्च, सत्याग्रह, तुरुंग, बलिदान. या लढ्याचे हलते चित्रण आपल्या हाताने केलेले आज किती आहे? ज्यांनी ते दिवस पाहिले ती माणसे एकेक करून जात आहेत. त्यांच्याबरोबर पुरावाही जात आहे. १९९७ च्या ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. त्यावर आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षे राबून ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट २०११ साली पूर्ण केला. त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण चौदा वर्षे एका विषयामागे कॅमेरा घेऊन चालण्याची चिकाटी आपल्यातल्या किती जणांनी दाखवली, हा प्रश्न आपण आपल्याला विचारायचा आहे.

आज परिस्थिती बदलली आहे. कॅमेरा खिशात आला आहे. आमच्याच जिल्ह्यात, १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीला रेल्वे स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर वस्त्यांमध्ये जी धरपकड झाली तिची चित्रफीत अनेकांनी मोबाईलवर पाहिली. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना कायद्याचा विद्यार्थी असलेल्या सोमनाथ सूर्यवंशी यांचा मृत्यू झाला. पुढे हे प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले आणि २०२५ साली न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचे आदेश दिले. त्या दिवसांत ज्यांनी थरथरत्या हातांनी मोबाईल धरला त्यांनी मोठे काम केले. १९७८ साली हे साधन नव्हते, आता आहे. परंतु साधन असणे आणि साधन वापरता येणे यात फरक आहे. अर्ध्या मिनिटाची चित्रफीत दोन दिवस फिरते आणि तिसऱ्या दिवशी विसरली जाते. तिच्यावर तारीख नसते, ठिकाण नसते, बोलणाऱ्याचा आवाज वाऱ्यात उडालेला असतो, मूळ प्रत कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नसते. पुरावा म्हणूनही ती लंगडी आणि कलाकृती म्हणूनही. म्हणूनच कॉलेजातल्या त्या प्रकल्पाला महत्त्व आहे. तिथे चुकायला मुभा असते, चूक दाखवणारा शिक्षक असतो आणि ‘पुन्हा करून आण’ असे सांगणारा कोणीतरी असतो.

पूर्णेच्या त्या मुलीने पुन्हा केले. दुसऱ्या खेपेस तिने वडिलांची मुलाखत घेतली. ते इस्त्रीचा शर्ट घालून, मागे निळा झेंडा लावून बसले आणि सभेत बोलावे तसे बोलले. खिडकी पाठीमागे, त्यामुळे चेहरा काळा पडला. डोक्यावर पंखा, त्यामुळे निम्मे शब्द घरघरीत बुडाले. सरांनी तीही परत दिली. मुलगी दोन दिवस रुसली. मग तिने आपण होऊन शिकायला सुरुवात केली. चेहरा खिडकीकडे करायचा. पंखा बंद ठेवायचा. दुसरा मोबाईल बोलणाऱ्याच्या वरच्या खिशात ठेवून त्यावर आवाज वेगळा घ्यायचा. एक दृश्य निदान दहा आकडे मोजेपर्यंत हलवायचे नाही. काय काय टिपले ते वहीत लिहायचे, कागदावर क्रम लावायचा आणि मगच जोडायला बसायचे. या गोष्टी सांगायला सोप्या आहेत, पण त्या करूनच येतात.

तिसऱ्या खेपेस ती पहाटे उठली. पूर्णा हे जंक्शनचे गाव. परभणीकडे, नांदेडकडे आणि हिंगोली-अकोल्याकडे अशा तीन दिशांना रूळ जातात. एके काळी मीटरगेजची इंजिने इथल्या शेडमध्ये धुराचे लोट सोडत उभी असत. अकोल्याकडचा मीटरगेज २००८ साली ब्रॉडगेज झाला. या रेल्वेच्या नोकरीने आपल्या कित्येक कुटुंबांना गावकीच्या कामातून सोडवले, महिन्याच्या महिन्याला हक्काचा पगार दिला, मुलांना शाळा दाखवली. ही पूर्णेची खरी गोष्ट आहे आणि ती या मुलीच्या घरात रोज पहाटे घडत होती. तिने बापाचे बूट बांधणे टिपले. हातोडा, पाना, लाल आणि हिरवी झेंडी पिशवीत जाताना टिपली. फडक्यात भाकरी बांधणारे हात टिपले. रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरणाला परवानगी लागते, ती तिच्याकडे नव्हती. त्यामुळे हद्द सुरू होते तिथे ती थांबली. बाप पुढे चालत गेला, लहान लहान होत अंधारात दिसेनासा झाला, आणि कॅमेरा तिथेच उभा. मग दुरून येणाऱ्या गाडीचा आवाज. गाणे नाही, घोषणा नाही. मी ते दृश्य पाहिले आणि बराच वेळ बोललो नाही. रूळाची एकेक चावी तपासत हा माणूस रोज चालतो म्हणून हजारो प्रवासी झोपेत सुखरूप नांदेड गाठतात, हे मला पूर्णेत इतकी वर्षे राहून प्रथमच दिसले.

बापाने फिल्म पाहिली. एवढेच म्हणाला, “म्या रोज एवढं चालतो व्हय?” आईने मात्र दोनदा पाहिली आणि मोबाईल परत देत म्हणाली, “माझे नुसते हात दावलेस. तोंड कुठंय माझं?”

वाचकहो, सरांनी काढली नव्हती ती चूक त्या माउलीने काढली. आपल्या चळवळीच्या चित्रणातही हेच होत आले आहे. मोर्चाला भाकरी बांधून देणाऱ्या, लेकरू काखेत घेऊन तुरुंगात गेलेल्या बायांचे हात दिसतात, चेहरे दिसत नाहीत. ती मुलगी आता चौथ्या खेपेची तयारी करते आहे. या वेळी तिला कोणी परत पाठवलेले नाही, ती आपली आपण परत गेली आहे. जयंतीची फिल्म घेऊन आली होती तेव्हा ती विचारत होती, यात काय कमी आहे? आता ती सांगते, यात काय कमी आहे ते. माझ्या मते ती इथे फिल्म करणारी झाली. गुण किती मिळतील ते मिळोत.

आता आपण काय करायचे? जयंतीच्या वर्गणीतून एका रात्रीच्या डीजेवर जेवढे जाते, त्याच्या एका वाट्यात वस्तीतल्या मुलांसाठी एक चांगला माईक आणि एक तिकाटणे सहज येते. पूर्णेच्या बुद्ध विहारात दरवर्षी धम्म परिषद भरते, दूरदूरचे उपासक-उपासिका येतात. अशा ठिकाणी मुलांनी केलेल्या छोट्या फिल्म दाखवल्या पाहिजेत आणि पाहिल्यावर टाळ्यांबरोबर चुकाही सांगितल्या पाहिजेत. नोकरदार वर्गाने ‘पोरगा फिल्म करतो’ म्हटले की कपाळाला हात लावणे सोडावे. स्पर्धा परीक्षा द्यावी, जरूर द्यावी, पण साऱ्याच पोरांना एका रांगेत उभे करू नये. प्राध्यापक मंडळींनी विद्यार्थ्यांना दरवर्षी तेच ते ठरीव विषय देण्याऐवजी ‘तुझ्या घरात पहाटे काय घडते ते दाखव’ असे सांगून पाहावे. आणि विद्यार्थ्यांनी एक ध्यानात ठेवावे : ज्याचे चित्रण करता त्याला विचारून करा, आणि तयार झाल्यावर सर्वांत आधी त्यालाच दाखवा.

सर्वांत निकडीचे काम म्हणजे, नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेले आजोबा-आजी तुमच्या गल्लीत अजून असतील, तर या रविवारी त्यांच्यासमोर बसा. पंखा बंद करा. त्यांचा चेहरा उजेडाकडे वळवा. आणि त्यांचे बोलून होईपर्यंत हात हलू देऊ नका.